रेषेचा चढ कसा शिकवावा : दिल्लीच्या ऑटोरिक्षाच्या भाड्यावरून

प्रस्तावना

'रेषेचा चढ काढा' असा प्रश्न आला की बहुतेक विद्यार्थी सूत्र आठवतात, संख्या भरतात आणि उत्तर लिहितात. त्या उत्तराचा अर्थ विचारला तर मात्र थांबतात. एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमात चढाची औपचारिक व्याख्या अकरावीच्या 'सरळ रेषा' या प्रकरणात येते. महाराष्ट्रात बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात ती 'निर्देशक भूमिती'त येते. पण त्या व्याख्येचा पाया, म्हणजे गुणोत्तर, प्रमाण आणि आलेखवाचन, सहावी ते आठवीतच घातला जातो. तो कच्चा राहिला तर पुढचे सूत्र पाठांतरापुरतेच उरते.

या पाठात चढाची कल्पना उच्च प्राथमिक वर्गात कशी उभी करावी, हे दिल्लीच्या ऑटोरिक्षाच्या भाड्याच्या उदाहरणावरून पाहू. अध्यापक शिक्षण घेणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या शहराचे दर घेऊन हाच पाठ तयार करावा.

१. शब्दापासून सुरुवात

मराठीत चढ आणि उतार हे विरुद्धार्थी शब्द आहेत. गणितात मात्र एकच संज्ञा दोन्ही गोष्टी सांगते. डावीकडून उजवीकडे जाताना रेषा वर गेली तर चढ धन, खाली आली तर चढ ऋण. म्हणजे ऋण चढ म्हणजेच व्यवहारातला उतार. दिल्लीतली मुले हिंदीतून 'ढाल' किंवा 'ढलान' असे शब्द ऐकतात, आणि 'ढलान' म्हटले की खाली उतरणेच डोळ्यांपुढे येते. म्हणून 'कोणत्या दिशेने वाचायचे' हे पहिल्याच तासाला ठरवून घ्यावे : नेहमी डावीकडून उजवीकडे.

२. मूळ उदाहरण : भाड्याचा तक्ता

जानेवारी २०२३ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार दिल्लीत ऑटोरिक्षाचे भाडे पहिल्या दीड किलोमीटरसाठी ३० रुपये आणि त्यापुढे दर किलोमीटरला ११ रुपये असे ठरले. विद्यार्थ्यांकडून पहिले दोन स्तंभ भरून घ्यावेत. तिसरा स्तंभ नंतर द्यावा.

| अंतर (किमी) | भाडे (रुपये) | भाडे ÷ अंतर |
|---|---|---|
| १.५ | ३० | २०.०० |
| २.५ | ४१ | १६.४० |
| ३.५ | ५२ | १४.८६ |
| ५.५ | ७४ | १३.४५ |
| ७.५ | ९६ | १२.८० |

'एका किलोमीटरला किती पडतात?' असे विचारले की मुले सवयीने भाड्याला अंतराने भागतात, आणि प्रत्येक ओळीत वेगळे उत्तर मिळते. दर तर ठरलेला आहे, मग उत्तर बदलते का? या प्रश्नावर वर्गाला पुरेसा वेळ द्यावा, कारण चढाची कल्पना इथेच जन्म घेते.

आता कोणत्याही दोन ओळी निवडून फरक काढायला सांगावे. २.५ पासून ५.५ किमीपर्यंत अंतर ३ ने वाढले, भाडे ७४ − ४१ = ३३ ने वाढले. ३३ ÷ ३ = ११. दुसऱ्या गटाने ३.५ आणि ७.५ घेतले तर ४४ ÷ ४, म्हणजे पुन्हा ११. जोडी कोणतीही घेतली तरी उत्तर तेच. यावरून व्याख्या विद्यार्थ्यांनीच मांडावी :

चढ = उभा बदल ÷ आडवा बदल

दोन बिंदू दिले असतील तर हेच असे लिहितात :

चढ = (दुसरा य − पहिला य) ÷ (दुसरा क्ष − पहिला क्ष)

चढ हे दोन राशींचे गुणोत्तर नसून त्यांच्या *बदलांचे* गुणोत्तर आहे. रेषा आरंभबिंदूतून जात असेल तेव्हाच ही दोन गुणोत्तरे सारखी येतात. समप्रमाणाची बहुतेक उदाहरणे (एक वही २० रुपये, तर पाच वह्या किती?) आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेची असतात. त्यामुळे थेट भागाकार करण्याची सवय लागते आणि चढ शिकताना तीच आड येते.

३. आलेख

आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर भाडे घेऊन आलेख काढावा. त्यात तीन गोष्टी दिसतात.

* शून्य ते दीड किमीपर्यंत आलेख आडवा आहे. अंतर वाढते, भाडे तेच राहते. इथे चढ शून्य. 'शून्य चढ' म्हणजे भाडे शून्य नव्हे, भाड्यातला बदल शून्य.
* दीड किमीनंतर रेषा वर जाते. तिचा चढ ११, एकक 'रुपये प्रति किमी'. उत्तरासोबत एकक लिहायला लावावे, म्हणजे चढ हा दर आहे हे लक्षात राहते.
* ही तिरकी रेषा मागे वाढवली तर उभ्या अक्षाला १३.५ वर छेदते (३० − ११ × १.५). मात्र १३.५ रुपये हे कोणत्याही प्रवासाचे भाडे नाही. रेषेचे समीकरण कुठून कुठपर्यंत लागू आहे, हा विचार इथे सुरू होतो.

मीटरवरचा आकडा प्रत्यक्षात टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो. सरळ रेषा हे त्याचे सोपे केलेले रूप आहे, हेही सांगावे.

४. दोन रेषांची तुलना

२०२३ पूर्वीचे, २०१९ मध्ये ठरलेले दर असे होते : पहिल्या दीड किमीला २५ रुपये, पुढे दर किमीला ९.५० रुपये. ही रेषा त्याच आलेखावर काढावी आणि विचारावे, 'भाडे कितीने वाढले?'

दीड किमीच्या प्रवासाला वाढ ५ रुपये. ५.५ किमीला जुने भाडे ६३, नवे ७४, वाढ ११ रुपये. ७.५ किमीला ८२ आणि ९६, वाढ १४ रुपये. रेषा एकमेकींपासून दूर जातात, कारण त्यांचे चढ वेगळे आहेत. फक्त किमान भाडे वाढले असते तर रेषा समांतर राहिल्या असत्या आणि लांब-जवळच्या सर्व प्रवाशांवर सारखाच बोजा पडला असता. किमान भाडे वाढवायचे की प्रति किमी दर, या निर्णयात कोणत्या प्रवाशाने किती द्यायचे आणि चालकाला कोणत्या फेरीत किती मिळायचे हे ठरते. बातमीत 'किमान भाडे ५ रुपयांनी वाढले' एवढेच वाचणाऱ्याला निम्मीच गोष्ट कळते. उरलेली निम्मी चढात आहे.

५. भूमितीकडे : चढ सगळीकडे तोच का?

कोणतेही दोन बिंदू घेतले तरी चढ तोच येतो, याचे कारण समरूप त्रिकोणांत आहे. रेषेखाली लहान-मोठे काटकोन त्रिकोण काढले तर त्यांच्या उभ्या व आडव्या बाजूंचे गुणोत्तर सारखेच राहते. नवी दिल्लीच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र हे याचे ठसठशीत उदाहरण. त्याची तिरकी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, म्हणून ती क्षितिजाशी दिल्लीच्या अक्षांशाएवढा, सुमारे २८.६ अंशांचा कोन करते. म्हणजे दर १ मीटर आडव्या अंतराला ती सुमारे ५४.५ सेंटिमीटर चढते, तळाशी मोजा किंवा वरच्या टोकाशी.

शाळेतली उतरण मोजण्याचा उपक्रमही घ्यावा. भारतातील सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाकाच्या खुर्चीसाठीच्या उतरणीचा चढ १ : १२ पेक्षा जास्त नसावा. ४५ सेंमी उंचीच्या जोत्यासाठी निदान ५.४ मीटर आडवी लांबी हवी. मुलांनी टेपने उंची व आडवे अंतर (तिरकी लांबी नव्हे) मोजावे, गुणोत्तर काढावे आणि उतरण नियमात बसते का ते सांगावे.

६. नेहमीच्या चुका

* बदलाऐवजी मूळ संख्यांचा भागाकार. उपाय : भाड्याच्या तक्त्याचा तिसरा स्तंभ पुन्हा पाहणे.
* आडवा बदल ÷ उभा बदल. उपाय : एकक विचारावे. 'किमी प्रति रुपया' आले की चूक मुलालाच दिसते.
* वजाबाकीचा क्रम बदलणे. वर दुसऱ्यातून पहिला आणि खाली पहिल्यातून दुसरा वजा केला की चिन्ह उलटते. उपाय : आधी रेषा चढती की उतरती ते पाहून चिन्हाचा अंदाज बांधणे.
* आलेखावरचे चौकोन मोजणे. अक्षांवरचे प्रमाण वेगळे असेल तर चौकोनांची संख्या फसवते. एकच रेषा दोन वेगळ्या प्रमाणांनी काढून दाखवावी : दिसायला एक जास्त तीव्र, चढ मात्र तोच.
* उभी आणि आडवी रेषा यांत गोंधळ. आडव्या रेषेचा चढ शून्य. उभ्या रेषेत आडवा बदल शून्य असतो आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून तिचा चढ निश्चित करता येत नाही.

सारांश

चढ म्हणजे एका राशीत एककाने बदल झाला असता दुसरीत होणारा बदल. अध्यापनाचा क्रम तक्ता, फरक, आलेख, अर्थ आणि शेवटी सूत्र असा ठेवावा. सूत्र आधी दिले तर वजाबाकी आणि भागाकार होतात, पण आपण काय मोजले हे कळत नाही.

स्वाध्याय

१. गच्चीवरच्या टाकीत १००० लिटर पाणी आहे आणि दर तासाला १२० लिटर वापरले जाते. आलेख काढा. चढ किती? त्याचे चिन्ह काय सांगते?

२. दिल्लीत रात्री ऑटोरिक्षाच्या भाड्यावर २५ टक्के आकार लागतो. २०२३ च्या दरांची दिवसाची आणि रात्रीची रेषा समांतर असतील का? कारण द्या.

३. आपल्या शहरातील रिक्षाचे दर मिळवून वरीलप्रमाणे तक्ता तयार करा आणि आठवीच्या वर्गासाठी एका तासिकेचे पाठ टाचण लिहा. विद्यार्थ्यांची कोणती चूक अपेक्षित आहे आणि ती कोणत्या प्रश्नाने उघड होईल, हे त्यात नमूद करा.