हिरव्या पानाची पिशवी

पिशवीवर हिरवे पान छापलेले दिसले की गिऱ्हाईक निश्चिंत होते. पिशवी मक्याची आहे, म्हणजे ती मातीत मिसळून जाणार, असा त्याचा समज असतो. वस्तुतः ‘वनस्पतीपासून झालेले’ आणि ‘कुजणारे’ हे शब्द समानार्थी नाहीत. सारा घोटाळा नेमका येथेच आहे.

प्लॅस्टिकचा जन्मच मुळी वनस्पतीच्या पोटी झाला. १८६९ च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हयाट याने, नत्राम्लाची प्रक्रिया केलेल्या सेल्युलोजमध्ये कापूर मिसळून सेल्युलॉइड सिद्ध केले. त्यातून फण्या, बाहुल्या, सदऱ्याच्या कॉलरी घडल्या. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, तोही याच जातीच्या ज्वालाग्राही फितीवरून. पुढे खनिज तेलाची रसायने स्वस्त झाली आणि हे सारे मागे पडले.

आज पुन्हा शेताकडे वळणे सुरू झाले आहे. मक्याच्या स्टार्चपासून वा उसापासून मिळणारी साखर आंबवली की लॅक्टिक आम्ल मिळते. दह्याला आंबटपणा देणारे आम्ल ते हेच. त्याचे रेणू साखळीत गुंफले की पॉलिलॅक्टिक आम्ल हे प्लॅस्टिक तयार होते. पेले, डबे, इतकेच काय, शस्त्रक्रियेतील विरघळणारे काही टाकेही याच कुळातले. जेजुरीला २०२४ मध्ये अशा जैवप्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. ऊस पिकविणाऱ्या महाराष्ट्राला त्याचे अप्रूप वाटावे, हे योग्यच.

परंतु हे प्लॅस्टिक लवकर कुजण्यास सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णता, ओलावा आणि जीवाणू लागतात. उघड्या उकिरड्यावर किंवा समुद्रात ते वर्षानुवर्षे तसेच राहते. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या मद्यार्कापासून मोठ्या प्रमाणावर पॉलिथीन बनते. ते रासायनिकदृष्ट्या साधेच पॉलिथीन, ते कुजत नाही. उलट, बाजारातील ‘मक्याच्या’ पिशवीत पुष्कळदा खनिज तेलापासून केलेले, पण कुजणारे पॉलिएस्टर मिसळलेले असते. मूळ एक आणि गती दुसरी, असा हा प्रकार!

महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि केंद्राने जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. कुजणाऱ्या प्लॅस्टिकला सवलत मिळाली. त्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्र पिशवीला मिळते. तिला कुजविणाऱ्या खतप्रकल्पाचे काय? ओला कचरा वेगळा उचलून तो योग्य उष्णतेत कुजविण्याची सोय नगरपालिकेने केली नसेल, तर ही पिशवी साध्या पिशवीशेजारीच कचरा डेपोवर पडून राहते. गिऱ्हाईक मात्र तिचे जादा दाम मोजून घरी गेलेले असते.