जंगलाची नोंदवही आणि औषधाचा सौदा

मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका हा देश आकाराने महाराष्ट्राच्या जेमतेम एक षष्ठांश. तरी जगातल्या सजीव जातींपैकी चार-पाच टक्के तिथे सापडतात, असा अंदाज आहे. त्यांची शिरगणती करण्यासाठी १९८९ साली राजधानीजवळच्या सांतो दोमिंगो गावात ‘इन्बियो’ ही संस्था सुरू झाली. नाव राष्ट्रीय जैवविविधता संस्था असे भारदस्त, पण मुळात ती ना-नफा तत्त्वावरची खासगी संस्था. तिचे संचालक रोद्रिगो गामेस वनस्पतींच्या विषाणूंचे अभ्यासक होते. १९९१ साली मर्क या अमेरिकी औषध कंपनीने इन्बियोशी करार केला. वनस्पती, कीटक आणि सूक्ष्मजीवांचे नमुने संस्थेने पुरवायचे. त्याबदल्यात दहा लाख डॉलर, शिवाय उपकरणे, आणि औषध निघालेच तर विक्रीतली रॉयल्टी. आगाऊ रकमेचा दहावा हिस्सा आणि रॉयल्टीचा निम्मा वाटा निसर्गरक्षणासाठी राखला होता. पुढच्याच वर्षी रिओ परिषदेत जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि हा सौदा नमुना म्हणून जगभर मिरवला गेला. जंगल आता स्वतःच्या राखणीचा खर्च स्वतःच भागवील, असे सगळ्यांना वाटले. करार पुढे वाढवण्यात आला, पण त्यातून मर्कचे एकही औषध बाजारात आले नाही. पैशाअभावी इन्बियोने अखेर आपला संग्रह राष्ट्रीय संग्रहालयाच्या हवाली केला. तीस लाखांहून अधिक नमुने होते त्यात.

यावरून जंगलात शोधण्यासारखे काही नव्हतेच, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि जिवाणूनाशकांपुरते बोलायचे तर त्यांची बाजू वरवर भक्कम दिसते. पेनिसिलिन बुरशीने दिले, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूने. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६०च्या सुमारास सापडलेले बुरशीनाशक हॅमायसिनही मातीतल्या सूक्ष्मजीवाचेच. झाडांनी हिवतापावर क्विनीन दिले, सदाफुलीने रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन दिले. पण झाडातून काढलेला एकही रेणू आज जिवाणूंविरुद्धचे मुख्य औषध म्हणून वापरात नाही. प्रयोगशाळेत पानांचे अर्क जिवाणूंवर टाकले की बहुतेक वेळा परिणाम दिसतो तो टॅनिनांचा. ही द्रव्ये दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात, म्हणून औषध म्हणून निरुपयोगी. ती बाजूला काढली की उरलेले रेणू दुबळे ठरतात.

दुबळे का, हा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही. याचे सर्वांत बोलके उत्तर दारुहळदीच्या कुळात आहे. तिच्यातले पिवळे बर्बेरिन जिवाणूच्या पेशीत शिरते, पण पेशीच्या आवरणातले पंप ते लगेच बाहेर फेकतात. दारुहळदीच्या एका अमेरिकी भावंडात संशोधकांना दुसरा एक रेणू सापडला. तो शोध २००० साली प्रसिद्ध झाला. हा रेणू एकटा जिवाणूचे काहीच बिघडवत नाही, फक्त पंप बंद पाडतो, आणि मग तेच बर्बेरिन मारक ठरते. म्हणजे झाड विष आणि त्याला वाट करून देणारा जोडीदार, दोन्ही बनवते. आपली चाचणीची रीत मात्र अर्काचे तुकडे करत करत एकेका रेणूपर्यंत जाते. या रीतीत पंप बंद करणारा निरुपद्रवी म्हणून बाद होतो आणि बर्बेरिन दुबळे म्हणून. झाड रिकामे असल्याचा निकाल देण्याआधी चाचणीचीच झडती घ्यायला हवी. अर्थात पंप बंद पाडणारे एकही औषध अजून रुग्णापर्यंत पोचलेले नाही आणि ही दारुहळद वर्षावनातली नाही, हेही मान्य करायला हवे.

मग जंगल कशाला हवे, यंत्रे आणि संगणक पुरेत, असा दुसरा आक्षेप येतो. तेही करून पाहिले गेले आहे. ग्लॅक्सोने १९९५ ते २००१ या काळात लाखो कृत्रिम संयुगांवर सत्तर मोठ्या चाचण्या घेतल्या. हाती आली फक्त पाच आशादायक संयुगे, औषध एकही नाही. उलट पावसाच्या जंगलांत झाडाच्या आत राहणारे सूक्ष्मजीव अजून जवळजवळ अस्पर्श आहेत. होंडुरासच्या एका वनस्पतिउद्यानातल्या दालचिनीच्या फांदीत राहणारी मस्कोडोर ही बुरशी वायुरूप द्रव्यांनी जिवाणू आणि बुरश्या मारते. ऑस्ट्रेलियातले आदिवासी जखमांवर वापरतात त्या एका वेलीच्या आत जिवाणूनाशके बनवणारा स्ट्रेप्टोमायसिस हा जिवाणू मिळाला. आदिवासींचे ज्ञान खोटे ठरले असे नाही. गुण झाडाचा की त्यातल्या भाडेकरूचा, एवढाच प्रश्न होता.

अशा शोधात निर्णायक ठरते ती नोंद. १९८७ साली बोर्निओतल्या सारावाकमधून कॅलोफायलमच्या एका झाडाची पाने-डहाळ्या अमेरिकेत गेली. त्यातून कॅलनोलाइड हे एचआयव्हीविरोधी द्रव्य निघाले. पुढे ते क्षयाच्या जिवाणूवरही परिणामकारक दिसले. शोधक परत गेले तेव्हा ते झाड तोडले गेले होते आणि त्याच जातीच्या शेजारच्या झाडांत ते द्रव्य जवळजवळ नव्हते. शेवटी सिंगापूरच्या वनस्पतिउद्यानात जपलेली त्या जातीची झाडे कामी आली. इन्बियोची मोठी कामगिरी मला नोंदीच्या या कामात दिसते. शेतकरी कुटुंबांतल्या तरुणांना सहा-सहा महिने शिकवून तिने नमुने गोळा करणारे नोंदकर्ते तयार केले. कोणता नमुना कुठून, कधी, कोणी आणला, हे त्यांनी लिहून ठेवले. मर्कच्या पैशाने एवढे जरी उभे राहिले असेल, तरी तो करार फुकट गेला असे मी म्हणणार नाही.

औषध सापडले असते तर जंगल वाचले असते, हेही गृहीत धरू नये. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचे काय झाले ते पाहा. त्याच्यात कर्करोगावरच्या औषधांना लागणारे कॅम्प्टोथेसिन असल्याचे १९७२ साली कळले आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या रानांत त्याची बेसुमार, अनेकदा चोरटी तोड सुरू झाली. यशाने झाडाचा भाव वाढवला, त्याबरोबर त्याचा काळही ओढवला. म्हणून औषधाच्या आशेवर जंगलाची राखण सोपवू नये, आणि नमुन्याला नाव-गाव-तारीख देणाऱ्या माणसाचा पगार कधीतरी येणाऱ्या रॉयल्टीवर तर मुळीच नाही. तो सरकारी तिजोरीतूनच दिला पाहिजे, नदीचे पाणी मोजणाऱ्याला देतो तसा, दर महिन्याला.