२२ नंबरची फ्लॉपी घाला

'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' हा गेम १९९० सालचा. त्याची मूळ फाइल आजच्या लॅपटॉपवर उघडायला गेलं, की हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही असं विंडोज सांगून मोकळं होतं. ते खरंच असतं. प्रोग्रॅम डॉससाठी लिहिलेला, १६ बिटांचा. आणि ६४ बिटांच्या विंडोजने असले प्रोग्रॅम चालवणं सोडून दिलंय. फाइलमध्ये काहीही बिघडलेलं नसतं, तिची भाषा समजणारं यंत्र तेवढं घरात उरलेलं नसतं.

यावर एक उपाय डॉसबॉक्स. हा प्रोसेसर आणि साउंड कार्डासकट अख्ख्या जुन्या पीसीचं सोंग घेतो. काळ्या खिडकीत लुकलुकणाऱ्या कर्सरपुढे 'माउंट'ची आज्ञा टाइप करायची, फोल्डरला सी ड्राइव्ह बनवायचं, मग गेमचं नाव लिहून एंटर. खरी अडचण येते ती वेगाची. काही जुन्या गेममध्ये जरा वेळ थांबायचं असेल तर प्रोसेसरला नुसतीच मोजदाद करायला लावलेली असते. आजचा प्रोसेसर ती क्षणात उरकतो आणि पाठलाग करणारा शत्रू आपण माउस हलवायच्या आत अंगावर येतो. म्हणून कंट्रोल धरून एफ११ दाबत राहायचं. प्रत्येक दाबासरशी सोंगातलं यंत्र मंद होत जातं. जास्तीचे पैसे मोजून घेतलेला प्रोसेसर असा मुद्दाम रांगायला लावण्यात थोडा आसुरी आनंदही आहे.

माझा कल मात्र स्कमव्हीएमकडे. त्याचं कारण मंकी आयलंड बनवणाऱ्या लुकासफिल्मच्या गेम विभागाच्या जुन्या कारभारात आहे. 'मॅनियाक मॅन्शन' (१९८७) बनवताना रॉन गिल्बर्ट आणि आरिक विल्मंडर यांनी सगळा गेम थेट यंत्राच्या भाषेत लिहिला नाही. कोण कुठे चालेल, कुठलं दार कशाने उघडेल, कोण काय बोलेल हे लिहायला त्यांनी 'स्कम' नावाची वेगळी व्यवस्था केली, आणि ते लिखाण वाचून गेम चालवणारा प्रोग्रॅम निराळा ठेवला. २००१ साली लुडविग स्ट्रीगेउस आणि व्हिन्सेंट हॅम यांनी त्या वाचणाऱ्या प्रोग्रॅमलाच नवा पर्याय लिहिला, तोच हा स्कमव्हीएम. (याच स्ट्रीगेउसने पुढे म्यूटोरंट लिहिलं आणि स्पॉटिफायच्या सुरुवातीच्या उभारणीतही तो होता.) नाटक कंपनी बंद पडली तरी संहिता हाती असली की दुसरी कंपनी प्रयोग लावू शकते, तसं हे. मूळ प्रोग्रॅमची गरजच उरत नाही. त्यामुळे तोच फोल्डर लिनक्सवर, मॅकवर आणि अँड्रॉइड फोनवरही चालतो.

फोल्डर दाखवला की स्कमव्हीएम फाइली तपासून आवृत्ती ओळखतो: १६ रंगांची ईजीए, २५६ रंगांची व्हीजीए, की सीडीवरची. ही निवड किरकोळ नाही. मंकी आयलंडमध्ये मेले बेटावरच्या जंगलात झाडाचा एक बुंधा आहे. फ्लॉपीच्या आवृत्तीत तो न्याहाळला, की आत भुयारांकडे जाणारी वाट असल्याचं नायक गायब्रश सांगतो, आणि गेम २२ नंबरची फ्लॉपी घालायला सांगतो. मग ३६ नंबरची, मग ११४. गेमच्या एवढ्या फ्लॉप्या कधी नव्हत्याच; तो निव्वळ वात्रटपणा होता. पण लोकांनी तो खरा मानला, मदतकेंद्राला फोन केले, आणि सीडीच्या आवृत्तीतून हा विनोद काढून टाकण्यात आला. मी फ्लॉपीचीच आवृत्ती चालवतो.

चालू झाल्यावर पहिल्यांदा खटकतात ती माणसं. सगळी बसकी, कुणीतरी डोक्यावर हात ठेवून दाबल्यासारखी. चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं. जुन्या मॉनिटरवर तेच चार-तीन प्रमाणातला पडदा भरत असे, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा जरा उंच दिसे. आजच्या पडद्यावरचे ठिपके चौकोनी. सेटिंगमध्ये 'आस्पेक्ट रेशो करेक्शन' चालू केलं, की २०० ओळी ताणून २४० होतात आणि गायब्रश पुन्हा किडकिडीत होतो. ठिपक्यांच्या कडा गुळगुळीत करणारे फिल्टरही त्याच पानावर आहेत. ते मी बंदच ठेवतो. त्यांनी चेहरे मेणाचे दिसतात.

आवाजाचा प्रश्न जास्त नाजूक. तेव्हा ज्याच्याकडे जे असेल ते वाजायचं: कुणाकडे पीसीचा स्पीकर, कुणाकडे ॲडलिब कार्ड, आणि मोजक्या नशीबवानांकडे रोलँडचं एमटी-३२. स्कमव्हीएम एमटी-३२ची नक्कल करतो, पण यंत्राच्या मूळ रॉम फाइली आपल्याला पुरवाव्या लागतात. तो आवाज भरदार आहे, यात वाद नाही. तरीही मायकल लँडचं ते शीर्षकसंगीत मला ॲडलिबवरच भावतं.

मूळ खोक्यात कागदाच्या दोन चकत्याही असत. त्या फिरवून चाच्याच्या चेहऱ्याचे दोन भाग जुळवायचे, खिडकीत दिसणारं साल टाइप करायचं, तेव्हा गेम पुढे सरके. आपल्याकडे ९०च्या दशकात फ्लॉपीवरून फ्लॉपीवर गेम फिरत; त्यांच्यासोबत त्या चकत्यांची झेरॉक्स आली तर नशीब. ती कापून मधोमध टाचणी खुपसायची. स्कमव्हीएम ही तपासणी परस्पर ओलांडतो.

सिएरा कंपनीचे 'किंग्ज क्वेस्ट'सारखे गेमही आता यातच चालतात. तिथे मात्र वेगवेगळ्या नावांनी सेव्ह करत जा: सुरुवातीला एखादी वस्तू उचलायची राहिली तर बऱ्याच पुढे जाऊन कायमचं अडकायला होतं. गिल्बर्टला याचीच चीड होती. त्याच्या गेममध्ये गायब्रश मरतो तो एकाच ठिकाणी, दहा मिनिटं पाण्याखाली नुसता राहू दिला तर.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी 'बिनीथ अ स्टील स्काय' घ्यावा. रेव्होल्यूशन सॉफ्टवेअरचा १९९४चा गेम, चित्रांत डेव्ह गिबन्सचा हात. २००३ साली कंपनीने तो मोफत केला आणि स्कमव्हीएमच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घेता येतो. सुरुवातीलाच बंद दार लागेल. उत्तर शोधायला फोन उचलू नका, आधी आजूबाजूचं लोखंड नीट बघा.