दातांचे व्यंग आणि काळाचे साह्य

नागपुरात ‘मेडिकल’च्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातील शासकीय दंत महाविद्यालयाच्या दंतव्यंगोपचार विभागात, केसपेपरचा सोपस्कार आटोपून मुलाबाळांसह बसलेल्या आईबापांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : दात आत कधी जाणार? भाचीच्या निमित्ताने तेथे बसणे घडले, तेव्हा माझ्याही मनात दुसरा प्रश्न नव्हता; परंतु जे काम जवळून पाहिले, त्याने दातांविषयीची माझी समजूतच पालटली.

वरचे पुढले दात खालच्यांना दोनचार मिलिमीटर झाकतात, हे स्वाभाविक आहे; मात्र हे आच्छादन फार वाढले, की खालचे दात टाळूला टोचू लागतात, हिरडी दुखावते आणि दातांची अकाली झीज होते. म्हणून हा प्रश्न केवळ रूपाचा नव्हे. दोष दातांचा की जबड्याचा, याचा निवाडा बाजूने घेतलेल्या कवटीच्या एक्स-रेवर रेषा आखून व कोन मोजून होतो. खालचा जबडा मागे राहिला असेल आणि मूल वाढीच्या भरात असेल, तर स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली योजलेले ‘ट्विन ब्लॉक’ हे उपकरण देतात. त्याच्या उतरत्या कडा एकमेकींवर टेकल्या, की खालचा जबडा आपोआप पुढे येतो.

भाचीचे ते वय उलटून गेले होते. तिला तारा बसल्या. दातावर आम्लाचा लेप लावून तो धुऊन वाळवला, तेव्हा चकाकणारा दात खडूसारखा पांढरा दिसू लागला. त्या खरखरीत पृष्ठावर तार धरणारे ब्रॅकेट चिकटवून निळ्या प्रकाशाने पक्के केले. यवतमाळ-चंद्रपूरकडील फ्लोराईडयुक्त पाण्याने डागळलेल्या दातांचा वरचा थर या आम्लाला सहज दाद देत नाही, म्हणून तेथे अधिक खबरदारी घ्यावी लागते. पुढे निकेल-टायटॅनियमची लवचीक तार ब्रॅकेटच्या खाचांत ओवली. मूळ आकाराकडे परतण्याचा तिचा धर्मच दातांना रांगेत आणतो. नंतर स्टीलची तार आली आणि खालच्या तारेला मुद्दाम उलटा बाक देण्यात आला, जेणेकरून पुढचे दात खाली दाबले जावेत, मागचे किंचित वर यावेत आणि चाव्याची खोली कमी व्हावी.

दात हाडात रुतलेला नसून सूक्ष्म तंतूंनी त्यास जोडलेला असतो. ज्या बाजूस दाब पडतो तेथील हाड विरघळते, ताण पडतो तेथे नवे घडते, आणि महिन्याकाठी सुमारे एक मिलिमीटर वाट दात चालतो. जोर वाढवल्यास दाबलेल्या तंतूंचा रक्तपुरवठा तुटून ही वाटचाल उलट खोळंबते. येथे सौम्य आणि अखंड बलच फलदायी ठरते.

तारा उतरल्या म्हणजे काम संपले, हा समज घातक आहे. हिरडीतील ताणलेले तंतू दातांना कित्येक महिने पूर्वस्थितीकडे ओढत राहतात. दात नव्या जागी धरून ठेवणारा रिटेनर टाळणारा रुग्ण दीड-दोन वर्षांचे श्रम वाया घालवतो. म्हणून पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे : मूल सातएक वर्षांचे होताच त्याचे दात तज्ज्ञास दाखवा, कारण जबड्याच्या वाढीचे जे साह्य बालवयात विनासायास लाभते, ते पुढे कोणत्याही तारेने मिळत नाही.