पन्नाशीनंतर फुटणारी फांदी

अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहराच्या दोन्ही अंगांना सवारो राष्ट्रीय उद्यान पसरलं आहे. हा दर्जा त्याला १९९४ साली मिळाला. इथला सवारो निवडुंग पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. पहिली फांदी फुटायला बहुधा ५० ते ७५ वर्षं लागतात. म्हणून फांद्या पसरलेला सवारो दिसला, की जरा थांबून बघावं; तो आपल्या आजोबांच्या वयाचा तरी असतोच. पाऊस पडला की खोडावरच्या उभ्या चुण्या भात्यासारख्या फुगतात, पाणी साठवतात. मे-जूनमध्ये पांढरी फुलं रात्री उमलून दुसऱ्या दुपारी मिटतात. तेवढ्यात वटवाघळं, होले, मधमाश्या परागीभवन उरकतात. पुढे इथले मूळनिवासी टोहोनो ओ'ओडहॅम लोक सवारोच्याच वाळक्या बरगड्यांच्या लांब काठीने लालभडक गराची फळं पाडतात. सुतारपक्ष्याने खोडात कोरलेल्या ढोलीत नंतर चिमणीएवढं घुबड बिऱ्हाड थाटतं.