जेट-स्कीचे जुने इंजिन आणि त्याचा मूळ दाब

लाटांवरून उड्या घेत धावणारे जेट-स्की हे छोटे वाहन आता गोव्याच्या व तारकर्लीच्या किनाऱ्यावरही दृष्टीस पडते. त्याचा उगम मात्र अमेरिकेतला. मोटरसायकलींच्या शर्यतींत रमणाऱ्या क्लेटन जेकबसन यांची ही कल्पना; कावासाकी या जपानी कंपनीने 1973 मध्ये ती बाजारात आणली. यामाहाचे सुपरजेट 1990 मध्ये आले, आणि त्यात पुढे बसविलेले 701 घन सेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन 2020 पर्यंत बनत राहिले. साहजिकच अशी वापरलेली इंजिने आज हातोहात विकली जातात. घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो दाबाचा.

हा दाब मोजणे अवघड नाही. दोन्ही स्पार्क-प्लग काढावेत, त्यांच्या तारा इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवाव्यात, मापकाची नळी प्लगच्या भोकात घट्ट बसवावी, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवावा. अनेक साध्या इंजिनांत हा आकडा दर चौरस इंचास 150 पौंडांच्या आसपास येतो. परंतु मापकामापकांत फरक पडतो. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांतील तफावत अधिक बोलकी. एकीकडे 150 आणि दुसरीकडे 100 असतील, तर विकणाऱ्याच्या गोड शब्दांवर विसंबू नये.

आकडा मोठा म्हणजे इंजिन निरोगी, असाही एक समज आहे. तो अर्धसत्य होय. आधीच्या मालकाने वेगाच्या हौसेपायी हेड घासून पातळ केले असेल, तर झिजलेले इंजिनही मोठा आकडा दाखविते. सोयीसाठी असे समजा, की एका सिलिंडरात दट्ट्या 350 घन सेंटिमीटर जागा व्यापतो आणि वर जळण्यासाठी 50 घन सेंटिमीटर उरतात. म्हणजे 400 चे 50 झाले, आठपट दाब. हेड घासून ही उरलेली जागा 45 वर आणली, की तेच प्रमाण जवळजवळ नऊपट होते. मग साध्या पेट्रोलचे भागत नाही. ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच कडेचे मिश्रण आपोआप भडकते आणि दट्ट्याचा माथा पोखरला जातो. पंपावर मिळेल ते पेट्रोल भरून निर्धास्त फिरायचे असेल, त्याने इंजिन मूळ दाबावर परत आणणेच शहाणपणाचे.

इंजिन उघडल्यावर नवे पिस्टन मागविण्याची घाई बहुतेक जण करतात, आणि चूक तेथेच होते. जुना पिस्टन का जळला, हे आधी शोधले पाहिजे. टू-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण क्रँकच्या पेटीतून वर जाते आणि वंगणाचे तेलही त्याच मिश्रणाबरोबर येते. क्रँकच्या टोकाचे रबरी सील कोठे फाटले, की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टनला तेल व गारवा दोन्ही कमी पडतात. कारण कधी तुंबलेल्या कार्ब्युरेटरात असते, कधी थंड पाण्याच्या वाटेत साचलेल्या वाळूत. खारे पाणी आत जाऊन क्रँकच्या बेअरिंगवर गंज चढला असेल, तर वरचा सारा खर्च पाण्यात! हाताने फिरवून खरखर लागली, की क्रँकही बाहेर काढावा.

सिलिंडर झिजला असेल तर तो पुढच्या मापापर्यंत कातून घ्यावा लागतो. मूळ व्यास 81 मिलिमीटर. तो 82 झाला तरी एका सिलिंडरातील जागा सुमारे 350 वरून 359 घन सेंटिमीटरवर जाते, म्हणजे दाबाचे प्रमाण किंचितच वाढते. कारागिराने पिस्टन हातात घेऊन त्याच्या मापाने सिलिंडर कातावा, पिस्टन न पाहता नव्हे. कातल्यावर भिंतीतील झरोक्यांच्या, म्हणजे पोर्टांच्या, कडा धारदार राहतात. त्या हलकेच मोडल्या नाहीत तर रिंग तेथे अडकून तुटते. रिंगचे तोंड पिस्टनवरील खुंटीपाशीच यावे, माथ्यावरचा बाण धुराड्याच्या बाजूस असावा. या बारीक गोष्टी हुशार माणूसही विसरतो.

राहिले हेड. घासलेले हेड पुन्हा जाड होत नाही. मूळ मापाचे दुसरे मिळविणे उत्तम. जाड गॅस्केट घालून दाब उतरविता येतो, पण त्यामुळे पिस्टनचा माथा व हेडची कड यांतील अंतर वाढते आणि ज्वलन मंदावते. हे अंतर पाहण्याची जुनी युक्ती अशी: डाक लावण्याची मऊ तार प्लगच्या भोकातून भिंतीपर्यंत घालावी, क्रँक हाताने एकदा फिरवावा आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजावी. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळावेत.

पहिली टाकी नेहमीपेक्षा अधिक तेल मिसळलेल्या पेट्रोलची असावी. थ्रॉटल एकसारखा पूर्ण उघडू नये. वेग कमीजास्त करीत, मध्ये इंजिन थंड होऊ देत, किनाऱ्याच्या जवळच फिरावे. रिंगा भिंतीशी जुळल्या, की काही तासांनी तोच मापक पुन्हा लावावा. बहुधा काटा पहिल्यापेक्षा थोडा वर चढलेला असतो, आणि या वेळी दोन्ही सिलिंडरांत सारखाच.