हबलच्या हातून निसटलेला ठिपका

ऑक्टोबर २०१६. भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावरची यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्यावर रोखलेली होती. हबलने तो तुकडा आधीच कसून धुंडाळला होता. हबलचा आरसा २.४ मीटरचा, आपला जेमतेम ३८ सेंटीमीटरचा. तिथे आणखी काय गवसणार?

पुण्याच्या ‘आयुका’तील कनक साहा यांच्या चमूला हवे होते ९१.२ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचे किरण. तरुण, तप्त ताऱ्यांचे हे किरण हायड्रोजन अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात. बाल्यावस्थेतल्या विश्वातला हायड्रोजन अशाच किरणांनी आयनीभूत झाला, असे मानतात. पण ते दीर्घिकेबाहेर पडतात का? बहुतेक किरण तर वाटेतला हायड्रोजनच गिळतो.

या झटापटीचा परिणाम भंडारा जिल्ह्यातल्या करडीतूनही टिपता येतो. हिवाळ्यात मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर कॅमेरा लावा. उडालेला इलेक्ट्रॉन अणूत परतताना हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढचा फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. म्हणून हौशी मंडळी तो काढून घेतात आणि फक्त हा लाल प्रकाश आत सोडणारा अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावतात. दिव्यांचा उजेड बराचसा गाळला जातो, तेजोमेघ उठून दिसतो.

यूव्हीआयटीवरच्या फिल्टरचा पट्टा १५४ नॅनोमीटरच्या आसपासचा होता. २८ तासांहून अधिक निरीक्षणातून एक फिकट ठिपका हाती आला. जागा जुळली ती एका दूरच्या दीर्घिकेशी. तिचा प्रकाश ९३० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. विश्वाच्या प्रसरणाने त्याची तरंगलांबी २.४२ पट ताणली होती. १५४ ला २.४२ ने भागले की येतात सुमारे ६४ नॅनोमीटर! म्हणजे हवे होते तेच किरण दीर्घिकेतून निसटून आले होते.

पण ठिपका खरा कशावरून? शेजारच्या दीर्घिकेचा प्रकाश, की उपकरणाचाच गोंगाट? तपासण्यात जवळजवळ दोन वर्षे गेली. यूव्हीआयटीच्या संवेदकाचा गोंगाट हबलच्या संवेदकांपेक्षा कमी होता. छोट्या दुर्बिणीची सरशी झाली ती त्यामुळे. २४ ऑगस्ट २०२० रोजी ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त शोध प्रसिद्ध झाला. दीर्घिकेचे नाव एयूडीएफएस०१.

मोठ्या दुर्बिणीसाठी पैसे साठवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: कोणता प्रकाश घ्यायचा आणि कोणता अडवायचा, हे आधी ठरवा, खरेदी मग करा.